डोळ्यातलं तेल

"जवळ घ्या," आतून त्याच्या बायकोचा आवाज आला. "आणखी जवळ. हां, आता कसं बरं वाटलं."

किल्ली कुलपात अर्धी शिरली होती, ती तशीच राहिली. कारखान्यातला व्हॅक्यूम पंप बंद पडला म्हणून प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना दुपारीच सोडून दिलं होतं, आणि तो वाटेत बायकोसाठी नासपती घेऊन जिने चढून आला होता. पिशवी मनगटाला काचत होती. "घेतलं जवळ," एक पुरुष म्हणाला, "पुढे जाऊ?" "जा की. विचारताय काय?" आणि बायको हसली. ते हसू त्याच्या रोजच्या ओळखीचं नव्हतं. फार जुन्या ओळखीचं होतं, लग्नाआधीच्या दिवसांतलं, जे त्याला वाटलं होतं की वयानुसार आपोआप बंद झालं असेल. त्याचे दोन्ही कान असे तापले की जणू कुणी कानशिलात भडकावली असावी. मग त्यानं मुद्दाम मोठ्यानं खोकून किल्ली फिरवली. आपण का खोकलो, हे मात्र त्याला पुढे कितीतरी दिवस उमगलं नाही. चोराला सावध करायला घरमालक खोकतो का कधी?

आत सगळं जागच्या जागी होतं. बायको डोळ्याच्या ऑपरेशनपासून गेला आठवडाभर होती तशीच पलंगावर पालथी, चेहरा मधोमध भोक असलेल्या उशीत, केस मानेवरून बाजूला सारलेले. आणि तिच्या छापखान्यातला वाचक खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीजवळच्या ताठ पाठीच्या खुर्चीत, मांडीवर प्रुफांचे लांब कागद, हातात लाल पेन. त्याला पाहून वाचक उठून उभा राहिला, कागद घसरले, ते गोळा करायला वाकला. बायको ज्या छापखान्यात होती तिथं प्रुफं दोघं मिळून तपासत. एकजण मोठ्यानं वाचतो, त्याला वाचकच म्हणायचं. दुसरा ऐकता ऐकता समोरच्या कागदावर चुका धरतो. ती चुका धरणारी आणि हा वाचणारा, अशी जोडी कैक वर्षं एका टेबलाशी समोरासमोर बसत आली होती. आता तिला कागद दिसत नव्हता, म्हणून चुका ती नुसत्या कानांनी धरत होती. वाचक इतका जातिवंत की छापलेल्या शब्दाच्या मध्येच फट पडलेली असली तर तो तेवढ्याच फटीएवढा थांबायचा, आणि ती खालून म्हणायची, "जवळ घ्या." म्हणजे अक्षरं जवळ घ्या. समासात तशी खूण करायची असते. एवढीच गोष्ट, आणि ती त्याला उंबऱ्यावर पाय ठेवता ठेवता कळली.

शहाण्या माणसाच्या बाबतीत गोष्ट इथं संपली असती. तोही हसला, नासपती चिरली, वाचकाला दिली, तिच्या हातात फोडी ठेवल्या, त्या तिनं उशीच्या भोकाखालून तोंडाशी नेऊन खाल्ल्या. पण संशय होता तोवर बरं होतं, असं त्याला रात्री जेवताना वाटलं. संशयाचं निरसन करता येतं. जे निव्वळ खरं आहे त्याचं काय करायचं? त्या दोघांची एक भाषा होती. "पहिली," वाचक म्हणायचा, आणि ती म्हणायची, "दुसरी हवी." "अर्धा," "पूर्ण," "उघडा," "मिटा." वेलांट्या, विराम, अवतरणचिन्हं, सगळी अशी एकेका शब्दात, खेळाडूंनी चेंडू फेकावा तशी. तो स्वयंपाकघरातून ऐकायचा, एक शब्द कळायचा नाही असं नव्हे, सगळे कळायचे, आणि तरी आपल्याच घरात आपण पाहुणे आहोत असं वाटायचं. त्याला मत्सर वाटत होता. हा शब्द त्यानं स्वतःशी उच्चारला तेव्हा त्याला लाज वाटली, पण मत्सर काही कमी झाला नाही.

त्याचीही भाषा होती की. पण ती ऐकायला माणूस कुठं होतं? तो सिलिकोन तेलं बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होता, म्हणजे तेल किती घट्ट, किती स्वच्छ, तापवल्यावर किती उडून जातं, हे बघणारा. लग्न ठरत असताना त्यानं तिला बागेतल्या बाकावर बसून सगळं सांगितलं होतं. वाळूतून सिलिकॉन काढायचं. मग एक सिलिकॉन, एक ऑक्सिजन, एक सिलिकॉन, एक ऑक्सिजन, अशी साखळी गुंफायची. प्रत्येक सिलिकॉनला दोन्ही बाजूंनी मिथिलचे दोन हात, आणि ते हात असे की कुणाशी हस्तांदोलन करायचं नाही. पाणी त्याला भिजवत नाही, काही त्याला चिकटत नाही, थंडीत ते गोठत नाही, उन्हात पातळ होत नाही. आणि गंमत सगळी टोकाला. साखळीच्या टोकाला एक टोपी बसते, ती बसली की साखळी थांबली. टोप्या पुष्कळ टाकल्या तर साखळ्या आखूड, तेल पाण्यासारखं. टोप्या मोजक्या टाकल्या तर साखळ्या लांबच लांब, तेल मधासारखं. तेव्हा ती लक्ष देऊन ऐकत होती, किंवा त्याला तसं वाटलं होतं. त्याच उत्साहात, साखरपुड्याला छापखान्यातली मंडळी आली तेव्हा, तो वाचकाला म्हणाला होता की तुमच्या छपाईच्या यंत्रातल्या गरम रुळालासुद्धा आमचंच तेल असतं, नाहीतर शाई कागदाऐवजी रुळालाच चिकटेल. वाचकानं मान तिरकी करून विचारलं, "बरं, ते सिलिकॉन की सिलिकोन?" त्यानं सांगितलं की सिलिकॉन म्हणजे वाळूतलं मूलद्रव्य आणि सिलिकोन म्हणजे हे तेल. "म्हणजे चंद्र काढून मात्रा दिली की वाळूचं तेल झालं!" वाचक म्हणाला, आणि ती दोघं एकमेकांकडे बघून जी हसत सुटली ती थांबेनात. त्याच्या उभ्या आयुष्याचं काम त्यांनी एका मात्रेत उरकलं होतं. छापखान्यात त्याचं नाव त्या दिवसापासून 'तेलवाले' पडलं. चेष्टा प्रेमाची होती. तेच तर त्याला खुपलं.

आणि आता तेल तिच्या डोळ्यात होतं. एका सकाळी डोळ्यासमोर काळे ठिपके नाचायला लागले, संध्याकाळपर्यंत खालून पडदा वर येत असल्यासारखी सावली चढली, आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं की डोळ्याचा आतला पडदा जागचा सुटला आहे. दुसरा डोळा लहानपणापासूनच आळशी, त्याला उजेडाखेरीज फारसं काही कळत नसे. म्हणजे होता तो हाच एक. त्यांनी पडदा जागी बसवला, लेझरनं टाके दिल्यासारखा डागला, आणि डोळ्यात सिलिकोन तेल भरलं. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर जाणार. म्हणून माणसानं पालथं राहायचं, म्हणजे डोळ्याची मागची बाजू वर येते आणि तेलाचा गोळा पडद्याला तळव्यासारखा दाबून धरतो. डॉक्टरबाई हे कागदावर काढून समजावत होत्या आणि त्याला हुंदका आणि अभिमान दोन्ही एकदम दाटून आले. त्यानं विचारलं, घट्टपणा किती, आखूड साखळ्यांचे हलके तुकडे किती काढून टाकलेत. डॉक्टरबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुम्ही यातले दिसता." तेल त्यांच्या कारखान्यातलं नव्हतं. ते कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात दहा वेळा शुद्ध करून, काचेच्या नळीत सीलबंद होऊन आलेलं. त्यांच्याकडचं तेल साच्यांना लावायला, केसांना चमक आणायला, गाड्यांच्या पॉलिशमध्ये, सुईच्या टोकावर, मुरंब्याच्या मोठाल्या कढयांतला फेस बसवायला. पोटातल्या वायूच्या गोळीतसुद्धा. डोळ्यात जायची त्याची लायकी नव्हती. बायकोच्या डोळ्यात परक्याचं तेल आहे, असा एक वेडगळ विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि त्याचं त्यालाच हसू आलं. पण विचार आला खरा.

सासूबाई पहिले काही दिवस राहायला आल्या होत्या, दुपारच्या तेवढ्या देवळात जायच्या. हसऱ्या बाई, जिभेला हाड नाही. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "बायकोवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतात नवरे. तुम्ही तर तिच्याच डोळ्यात घातलंत!" सगळे हसले, पालथी पडलेली बायकोही उशीत तोंड खुपसून हसली. तिला त्या दिवसांत फक्त जमिनीचा एक तुकडा दिसायचा, तोही धूसर, आणि त्या तुकड्यातून जाणारे पाय. पायांवरून ती माणसं ओळखायला शिकली. आईचे पाय भाकरीसारखे फुगलेले. शेजारणीच्या करंगळीला नखरंग अर्धाच. "वाचक उजवा पाय जरा आत टाकतात," ती एकदा म्हणाली, "इतकी वर्षं समोर बसले, कधी दिसलं नव्हतं. आणि मोजे नवे घेतलेत वाटतं त्यांनी, आवाज मऊ येतो." त्यानं विचारलं, "आणि माझे?" "तुझे काय?" "पाय." "तुझे माहीतच आहेत की रे," ती म्हणाली. यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं, उलट याहून गोड उत्तर दुसरं काय असणार. पण तो न्हाणीघरात जाऊन स्वतःचे पाय बराच वेळ बघत बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं मोजे घेतले. कुणाच्या लक्षात आले नाहीत.

सासूबाई गेल्या त्या दिवशी त्यानं ते केलं. दारात वाचक प्रुफांची गुंडाळी काखेत मारून उभा होता, आणि यानं दार आपल्यामागे ओढून घेत हळू आवाजात सांगितलं, "डॉक्टरांनी बोलायचे श्रम नकोत म्हणून सांगितलंय. काही दिवस नाही आलात तर बरं." डॉक्टरबाई असं काही म्हणाल्या नव्हत्या. वाचकाचा चेहरा लहान मुलासारखा पडला. "अरेरे. माझं चुकलंच. मी आपला बडबड करत बसतो," तो म्हणाला आणि गुंडाळी त्याच्या हातात देऊन उजवा पाय आत टाकत जिना उतरून गेला. खोटं बोलणं इतकं सोपं असतं याचं त्याला नवल वाटलं. तिला त्यानं सांगितलं, छापखान्यात कामं तुंबलीत, त्यांना यायला जमणार नाही, प्रुफं मीच आणत जाईन आणि मी वाचतो की संध्याकाळी. "तू?" ती म्हणाली, आणि मग, "वाच."

वाचायला बसला की त्याचे तळवे घामेजायचे. तो शब्द वाचायचा, विराम विसरायचा. "स्वल्पविराम सांग ना," ती म्हणायची. सांगायला लागला तर अर्थ विसरायचा. "सपाट वाचतोस रे फार," ती एकदा म्हणाली, चिडून नव्हे, जेवणात मीठ कमी आहे म्हणावं तसं, आणि तो त्यानंतर दोन दिवस कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत गोदामामागे उभा राहून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होता. हमाल बघून जात. हळूहळू जमायला लागलं. पालथं राहण्याचे दिवस संपले, ती उठून बसायला लागली, जाड भिंगाच्या चष्म्यातून घरात वावरायला लागली. बारीक अक्षर मात्र दिसत नव्हतं, कारण तेलातून बघायचं म्हणजे सगळं फुगलेलं, पाघळलेलं. संध्याकाळी ती पलंगावर पाय घेऊन बसायची, तो खुर्चीत, तीच ती ताठ पाठीची खुर्ची. आता फट आली की तो थांबायचा, आणि ती म्हणायची, "जवळ घे." पहिल्यांदा ती तसं म्हणाली तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला, आणि तिला कळलं सुद्धा नाही. लग्नानंतरचे सगळे दिवस एकीकडे आणि ह्या संध्याकाळी एकीकडे, असं त्याला होऊन गेलं. तो सुखी होता, आणि हे सुख तिच्या डोळ्यात तेल आहे तोवरचंच आहे हेही त्याला समजत होतं.

म्हणून डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा त्याला उत्तर शोधावं लागलं नाही. "पडदा छान बसलाय," त्या म्हणाल्या. "तेल आता काढलं तरी चालेल, थोडं थांबलो तरी चालेल. काढताना पडदा पुन्हा सुटण्याचा धोका थोडा असतोच, आणि दुसरा डोळा नाही, म्हणून मी जबरदस्ती करत नाही. ठेवलंत तर दर महिन्याला दाब तपासायला यायचं, चुकवायचं नाही. फार रेंगाळू मात्र नका." बाहेर बाकावर बसल्यावर तिनं त्याचा दंड धरला. "मला भीती वाटते रे," ती म्हणाली. "परत सुटला तर? तू सांग. तेलातलं तुला कळतं. राहिलं तर काय होईल?" त्याला कळत होतं. दहा वेळा शुद्ध केलेल्या तेलातसुद्धा थोड्या आखूड साखळ्या राहतात, ते हलके तुकडे. शरीरातली प्रथिनं साबणासारखी वागतात. डोळा दिवसभर हलत असतो, झोपेतही. हलके तुकडे, साबण आणि घुसळण. बाटलीत घालून त्यानं हेच हजारदा करून पाहिलं होतं. आज ना उद्या तेल फुटणार, त्याचे बारीक बारीक थेंब होणार आणि डोळ्यातलं पाणी वाहून जाण्याच्या वाटेत ते जाऊन बसणार. वाट तुंबली की दाब चढणार, आणि दाबाखाली नस मरते. हे सगळं त्याच्या जिभेवर होतं. आणि डोळ्यासमोर होतं छापखान्यातलं ते टेबल, समोरासमोरच्या दोन खुर्च्या, आणि "जा की, विचारताय काय?" "तेल कुणाच्या अध्यात ना मध्यात," तो म्हणाला. "राहू दे अजून." तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

एक तपासणी झाली, दाब ठीक होता. पुढच्या वेळी कारखान्यात बाहेरचे लोक पाहणीला येणार होते. खरंच येणार होते, पण एका सकाळची रजा मिळाली नसती असं नव्हे. डॉक्टरबाई या वेळी दाब ठीक बघून सरळ तेल काढायची तारीखच देतील, ही धास्ती त्याच्या मनात होती. "पुढच्या आठवड्यात जाऊ," तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याला सर्दी झाली. मधेच एकदा वाचकाचा फोन आला, तिनं घेतला, आणि ती खिडकीशी उभी राहून बराच वेळ बोलत राहिली. तो भांडी पुसत होता, एकच बशी पुन्हा पुन्हा. फोन ठेवून ती म्हणाली, "डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय असं कुणी सांगितलं त्यांना?" "गैरसमज झाला असेल," तो म्हणाला. तिनं त्याच्या हातातली बशी घेऊन फळीवर ठेवली. तिनं पुढे काही विचारलं नाही, हेच त्याला रात्रभर टोचत राहिलं. त्या दिवसापासून त्यानं तिच्या डोळ्यात बघायला सुरुवात केली. रोज सकाळी थेंब घालायचे असत. तो तिचं डोकं खिडकीच्या उजेडात मागे टेकवायचा, अंगठ्यानं वरची पापणी उचलायचा, आणि थेंब टाकायच्या आधी थोडा थांबायचा. तिला कळलंय का? ती वाचकाची वाट बघते का? डोळ्यात माणसाच्या मनातलं दिसतं म्हणतात, तर ह्या डोळ्यात तरी दिसायला हवं, इतका आरपार केलेला. त्याला तपकिरी बुबुळ दिसायचं, बाहुलीत एक तेलकट सोनेरी झाक दिसायची, आणि स्वतःचा वाकलेला चेहरा. डोकं दुखतं, ती हल्ली म्हणायची. दिव्याभोवती कडं दिसतं. चष्म्याचा नंबर बदलला असेल, तो म्हणाला.

त्या दिवशी त्यानं पापणी उचलली आणि बुबुळाच्या वरच्या काठाशी त्याला एक पांढरी रेघ दिसली. नखाच्या तुकड्याएवढी, चंद्रकोरीसारखी वाकलेली. खिडकीचं प्रतिबिंब असेल म्हणून त्यानं तिचं डोकं थोडं वळवलं. रेघ वळली नाही, वरच राहिली. दुसऱ्या कुणाला तो चिपडाचा कण वाटला असता. पण तेल आणि साबणाचं पाणी बाटलीत घुसळून फळीवर ठेवलं की वर जो दुधाळ पट्टा जमतो, तो त्यानं आयुष्यभर बघितला होता, त्याची जाडी मोजून सह्या केल्या होत्या. तेल फुटलं होतं. फुटून डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात आलं होतं, आणि हलकं म्हणून वर जाऊन बसलं होतं. "टाक ना थेंब," ती म्हणाली, "मान दुखते." त्यानं थेंब टाकला. बाटलीचं झाकण लावलं. स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. तेवढ्या वेळात त्याच्या मनात जे येऊन गेलं ते फार वाईट होतं: आज काही बोललं नाही तरी चालेल, उद्या बघू, कुणाला कळणार आहे? ज्या डोळ्याला कधीच वाचता येणार नाही तो डोळा छापखान्यात जाणार नाही. पाणी उकळायला लागलं. आपण हा विचार केला, पूर्ण केला, विरामासकट केला, हे त्याला स्वच्छ दिसलं. गॅस बंद न करताच तो बाहेर आला. "ऊठ, चप्पल घाल," तो म्हणाला. "आत्ता दाखवायला जायचं."

दाब भयंकर चढला होता. डॉक्टरबाई यंत्रातून बघता बघता तापल्या. "मधली तपासणी का चुकवलीत?" त्यानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी बायकोच बोलली. "माझ्यामुळे. मलाच ऑपरेशनची भीती वाटत होती. हा बिचारा काय करणार?" ती त्याला वाचवत नव्हती. तिला ते खरंच तसं आठवत होतं. त्याच दुपारी तेल काढलं, पाण्यानं पुन्हा पुन्हा धुऊन काढलं. पडदा जागचा हलला नाही. संध्याकाळी डॉक्टरबाई दोघांना म्हणाल्या की नाकाकडच्या कोपऱ्यातली, खालची नजर गेली आहे, ती काही परत येणार नाही, बाकीचा डोळा राहिला. "नशीब समजा. हे सहसा आम्हालाच यंत्राखाली दिसतं. यांनी नुसत्या डोळ्यांनी ओळखलं. आणखी थोडे दिवस गेले असते तर हातात काही राहिलं नसतं." "खालच्या ओळी वाचक बघतील मग," बायको पट्टीखालून हसत म्हणाली. त्याला नेहमीसारखी कळ आली, पण कुठून तरी लांबून आल्यासारखी.

डॉक्टरबाई गेल्यावर ती चाचपडत त्याचा हात शोधायला लागली. त्यानं दिला. तिनं तो दोन्ही हातांत घेऊन छातीशी धरला. "एक सांगू?" ती म्हणाली. "मला वाटायचं, तू माझ्याकडे बघतच नाहीस हल्ली. थेंब घातले की चालता होतोस. मी आईलासुद्धा बोलले होते तसं." तिचा आवाज भरून आला. "आणि तू रोज इतकं बघत होतास? नखाएवढी रेघ दिसावी इतकं?" तो तिथंच बोलला असता. रेघ शोधत नव्हतो, दुसरंच काही शोधत होतो. राहू दे म्हणालो ते कशासाठी. वाचकाला दारातून कुणी परत पाठवलं. वाक्यं तयार होती. पण तिच्या आवाजात जे होतं ते त्यानं या घरात कधी ऐकलं नव्हतं, वाचकाशी बोलतानासुद्धा नाही, दाराआडच्या त्या हसण्यातही नाही. ती बोलत होती त्या माणसाविषयी, जो रोज सकाळी तिच्यासाठी डोळ्यात डोळे घालून बघत होता, जो आधण टाकून धावत बाहेर आला, ज्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. असा माणूस तिला अखेर मिळाला होता. त्या माणसाचा त्याला इतका हेवा वाटला की वाचकाचा जन्मात वाटला नसेल. आणि तो माणूस कोण ते तिला सांगायचं म्हणजे त्याला तिच्याकडून काढून घ्यायचं. "हात काढू नकोस हं," ती गुंगीत म्हणाली. त्यानं काढला नाही. त्या माणसाचा हात त्यानं ती झोपेपर्यंत तिच्या हातांत तसाच राहू दिला.